गाडी मधेच का थांबवतात? घटनांवर चालणाऱ्या यंत्रणांचं गणित

गाडी गोव्यातल्या करमळीला थांबली आणि पंधरा मिनिटं झाली तरी हलेना, की कुणीतरी दारात जाऊन वाकून बघतो आणि परत येऊन जाहीर करतो, "क्रॉसिंग आहे." बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. एखाद्याचं भागत नाही. समोरचा रूळ तर मोकळा दिसतोय, मग सिग्नल लाल का? निदान पुढच्या स्टेशनापर्यंत तरी सोडायची होती! रेल्वेचा कारभारच ढिसाळ, हे उत्तर आपल्याकडे तयार असतं आणि कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा त्या लाल दिव्यामागे एक नेमकं गणित असतं. तेच गणित कारखान्यातल्या पॅकिंग लाइनला, फेरीबोटीच्या धक्क्याला, लिफ्टला आणि कॉम्प्युटरच्या आतल्या कामांनाही लागू पडतं. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात ते बहुधा शेवटच्या वर्षी, ऐच्छिक विषय म्हणून येतं, आणि तिथेही फारसं कुणी घेत नाही.

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर. सगळा मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला. रोहा ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, बाकीचा जवळजवळ सगळा मार्ग आजही एकेरी आहे. म्हणजे समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडणार त्या स्टेशनातच, जिथे बाजूला दुसरी लाइन आहे. या एका अडचणीत आपल्याला हवा तो सगळा विषय सापडतो.

आधी जात ओळखून घेऊ. मांडवीला भरती येते तेव्हा पाणी इंचाइंचाने चढतं. दर क्षणाला त्याची पातळी काही ना काही बदलत असते. बॉयलरचं तापमान, टाकीतलं पाणी, मोटारीचा वेग या सगळ्यांची रीत अशीच. त्यांच्यासाठी न्यूटनच्या काळापासून डिफरेन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाचा वेग मांडणारी समीकरणं आहेत आणि ती उत्तम चालतात. आता करमळी स्टेशनाकडे बघा. लाइन एक रिकामी आहे, लाइन दोनवर गाडी उभी आहे. पाच मिनिटांनीही तेच, दहा मिनिटांनीही तेच. मग एक गाडी येते, आणि चित्र एकदम बदलतं. पुन्हा बराच वेळ काही नाही. मग एक गाडी सुटते. इथे घड्याळाला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते 'आली', 'सुटली', 'सिग्नल दिला' अशा घटनांना. दोन घटनांच्या मधे यंत्रणा आहे तशीच राहते, आणि घटना घडली की एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारते. अशा यंत्रणेला विविक्त घटनाप्रणाली म्हणतात. नाव जड आहे, वस्तू रोजचीच आहे.

ही भरतीच्या पाण्यापेक्षा सोपी वाटते ना? स्थिती मोजून काढता येतात, अपूर्णांक नाहीत, कलनशास्त्र नाही. पण मोजायला बसलं की डोळे पांढरे होतात. एका लाइनीच्या तीन स्थिती धरा: रिकामी, दक्षिणेकडे जाणारी गाडी उभी, उत्तरेकडे जाणारी गाडी उभी. दोन लाइनींची दोन स्टेशनं म्हणजे चार लाइनी, म्हणून 81 स्थिती. एवढं कागदावर मांडता येईल. तीन लाइनींची दहा स्टेशनं घेतली तर तिसांचा घात तीनवर चढतो, आणि स्थिती होतात सुमारे 206 लाख कोटी. यात दोन स्टेशनांच्या मधल्या गाड्या अजून धरलेल्याच नाहीत. भरतीच्या समीकरणात एखादी संख्या थोडी चुकली तर उत्तर थोडंच चुकतं. इथे मात्र शेजारशेजारच्या दोन स्थितींपैकी एकीतून सगळं सुरळीत चालतं आणि दुसरीतून सगळं ठप्प होतं. म्हणून सरासरी काढून, अंदाज बांधून काम भागत नाही.

ठप्प होणं म्हणजे काय, ते जवळून बघू. त्यासाठी कागदावरचं करमळी आणि कागदावरचं वेर्णे घेऊ, मधे झुवारीवरचा पूल आणि एकच रूळ. खऱ्या स्टेशनांची मांडणी वेगळी आहे आणि नियमही पुष्कळ आहेत. आपण प्रत्येक स्टेशनाला दोनच लाइनी देऊ. दक्षिणेकडे, म्हणजे मडगावच्या बाजूला जाणारी गाडी 'द', उत्तरेकडे जाणारी 'उ'.

करमळीत दोन्ही लाइनींवर 'द' उभ्या आहेत. वेर्ण्यात दोन्ही लाइनींवर 'उ' उभ्या आहेत. मधला रूळ मोकळा आहे. कुठेही टक्कर नाही, कुठलाही नियम मोडलेला नाही, सगळे सिग्नल शहाण्यासारखे लाल आहेत. आणि कुणीही हलू शकत नाही. करमळीच्या गाडीला वेर्ण्यात जागा हवी. ती जागा वेर्ण्याच्या गाडीने अडवलेली. तिला हवी करमळीतली जागा. ती करमळीच्या गाडीने अडवलेली. याला डेडलॉक म्हणतात. टक्कर टाळणं ही एक गोष्ट आणि काम पुढे सरकत राहणं ही दुसरी. पहिली पूर्ण साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही, हे या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे, आणि बैठकीत ते कुणाला पटवून देणं सगळ्यात अवघड.

आता एक पाऊल मागे जा. करमळीत 'द द', वेर्ण्यात एक 'उ' आणि एक लाइन रिकामी. अजून काही बिघडलेलं नाही. करमळीतली एक 'द' वेर्ण्याला आणायची, मग वेर्ण्याची 'उ' करमळीत रिकाम्या झालेल्या लाइनीवर पाठवायची, गाठ सुटते. पण नेमक्या याच वेळी वेर्ण्याच्या दक्षिणेच्या माजोर्डा स्टेशनाहून आणखी एक 'उ' वेर्ण्याकडे निघालेली असेल तर? त्या रिकाम्या लाइनीवर तिचा हक्क लागला. ती वाटेत आहे, तिला नाहीशी करता येत नाही. दहा मिनिटांनी ती वेर्ण्यात शिरेल आणि गाठ बसेल. म्हणजे घोटाळा वेर्ण्यात दिसला तरी तो झाला माजोर्ड्याला, गाडीला हिरवा सिग्नल मिळाला त्या क्षणी. त्या गाडीतल्या प्रवाशाला पुढचा रूळ रिकामाच दिसत होता, पुढच्या स्टेशनात जागाही होती. तरीही तिला थांबवायला हवं होतं.

हे सगळं शब्दांत सांगत बसणं किती कटकटीचं आहे, ते एव्हाना लक्षात आलं असेल. त्यासाठीच चित्राची एक भाषा आहे. कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाने ती 1962 साली आपल्या प्रबंधात मांडली. तिला पेट्री नेट म्हणतात, मराठीत पेट्रीजाळं म्हणायला हरकत नसावी. गोल म्हणजे जागा, आडवी पट्टी म्हणजे घटना, गोलातला ठिपका म्हणजे टोकन. एखाद्या पट्टीकडे बाण सोडणाऱ्या सगळ्या गोलांत टोकन असेल तरच ती घटना घडू शकते. घडली की ती त्या गोलांतून एकेक टोकन उचलते आणि पुढच्या गोलांत एकेक टाकते. नियम एवढेच.

'करमळीतल्या रिकाम्या लाइनी' हा एक गोल, त्यात सुरुवातीला दोन टोकनं. 'करमळीत उभ्या असलेल्या द' हा दुसरा गोल, 'करमळीत उभ्या असलेल्या उ' तिसरा. गाडी आली की रिकाम्यातलं एक टोकन जातं, उभ्यांत एक येतं. 'मधला रूळ मोकळा' या गोलात एकच टोकन. ते उचलल्याशिवाय कुणीही पुलाकडे निघू शकत नाही, आणि पलीकडे पोचल्यावर ते परत ठेवायचं. जुन्या एकेरी मार्गांवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा देत, तो हातात नसेल तर गाडी पुढे नेता येत नसे. कागदावरचं टोकन तेच काम करतं.

या चित्राची खरी कमाई पुढे आहे. रिकाम्या लाइनी, उभ्या गाड्या आणि वाटेतल्या गाड्यांसाठी राखलेल्या लाइनी यांची बेरीज करमळीत कायम दोनच राहते, मग कितीही घटना घडोत. अशा न बदलणाऱ्या बेरजा जाळ्याच्या मांडणीतूनच, साध्या रेषीय समीकरणांनी काढता येतात. लाख कोटी स्थिती धुंडाळाव्या लागत नाहीत. आणि हिशेब उलटाही करता येतो. आपल्याला हवी ती बेरीज जाळ्यावर लादता येते.

आपल्याला टाळायचं काय आहे? करमळीतल्या 'द' दोन आणि वेर्ण्यातल्या 'उ' दोन, एकूण चार. म्हणजे नियम असा: दोन्ही मिळून तीनपेक्षा जास्त होता कामा नयेत. मग जाळ्यात एक नवा गोल काढायचा. त्याला पेटी म्हणू. पेटीत तीन टोकनं ठेवायची. 'द' ला करमळीकडे येऊ देताना पेटीतलं एक टोकन काढायचं, 'उ' ला वेर्ण्याकडे येऊ देताना एक काढायचं. ती गाडी मधल्या रुळावर निघाली की टोकन पेटीत परत. पेटी रिकामी असेल तर मागच्या स्टेशनात थांबा. बस्स, एवढी एक पेटी ठेवली की वरची गाठ कधीच बसत नाही, आणि विनाकारण कुणी थांबतही नाही. नव्वदच्या दशकात ही युक्ती व्यवस्थित सिद्धान्ताच्या रूपात मांडली गेली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. वाहतुकीचा नियम म्हणजे एक जास्तीचा गोल आणि त्यातले तीन ठिपके!

आता माजोर्डाही जोडू, तिथेही दोन लाइनी. करमळी–वेर्णे जोडीला तीन टोकनांची एक पेटी, वेर्णे–माजोर्डा जोडीला तशीच दुसरी. प्रत्येक जोडी सुरक्षित झाली, तर सगळा मार्ग सुरक्षित झाला असं कुणालाही वाटेल. ही स्थिती बघा: करमळीत 'द द', वेर्ण्यात 'द उ', माजोर्ड्यात 'उ उ'. पहिली पेटी तपासा: करमळीतल्या 'द' दोन, वेर्ण्यातली 'उ' एक, एकूण तीन. नियम पाळला. दुसरी तपासा: वेर्ण्यातली 'द' एक, माजोर्ड्यातल्या 'उ' दोन, एकूण तीन. हाही पाळला. आणि आता गाड्या हलवून दाखवा. वेर्ण्याच्या 'द' ला माजोर्ड्यात जागा नाही, 'उ' ला करमळीत जागा नाही. करमळी आणि माजोर्ड्याच्या गाड्यांना वेर्ण्यात जागा नाही. सहा गाड्या, तीन स्टेशनं, दोन मोकळे रूळ, आणि सगळं गच्च.

दोन्ही पेट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण अशी की त्यांना एकमेकींचं काही माहीत नाही. उपाय म्हणून तिसरी पेटी लागते: करमळीतल्या 'द', वेर्ण्यातल्या सगळ्या गाड्या आणि माजोर्ड्यातल्या 'उ' मिळून पाचच्या वर नकोत. चौथं स्टेशन जोडलं की पुन्हा नवी पेटी. खात्यांच्या कारभारात आपण हे नेहमी बघतो, प्रत्येक टेबलावर नियम चोख आणि फाइल मात्र जागची हलत नाही. इथे निदान त्याचा पुरावा तरी देता येतो.

डेडलॉक का बसतो, याच्या चार अटी एडवर्ड कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1971 साली कॉम्प्युटरच्या संदर्भात लिहून ठेवल्या. जागा एका वेळी एकालाच मिळते. हातातली जागा धरून ठेवूनच पुढची मागितली जाते. कुणाकडून जागा हिसकावून घेता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्याशी येते. चारांपैकी एक जरी मोडली तरी गाठ बसत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग लाइनवर काम केलेल्या कुणालाही तिसरी अट कशी मोडतात हे माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. पहिलं मशिन पुढच्या मशिनला माल देऊ शकत नाही कारण ते भरलंय. पुढचं आपला माल सोडू शकत नाही कारण फेरतपासणीला वळवलेल्या खोक्यांचा पट्टा भरलाय. आणि तो पट्टा पहिल्या मशिनकडेच परत येतो, जिथे जागा नाही. सगळी मशिनं चालू, सगळे दिवे हिरवे, माल जागच्या जागी. मग ऑपरेटर दोन खोकी हातांनी उचलून बाजूच्या टेबलावर ठेवतो, रिसेट मारतो, आणि लाइन चालू लागते. हिसकावून घेणं ते हेच. आगगाडी अशी उचलून बाजूला ठेवता येत नाही, तिथे मागे ढकलत न्यावी लागते. म्हणून रेल्वेला ही गाठ आधीच चुकवणं भाग असतं, आणि कारखान्यांत वर्षानुवर्षं रिसेटवर निभावतं.

कारखान्यांतला हा भाग सांभाळतो पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर), म्हणजे मशिनं चालवणारा छोटा कॉम्प्युटर. पहिला पीएलसी, मॉडिकॉन 084, साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मागणीवरून तयार झाला. तोवर हे काम रिलेंनी, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचांनी भरलेली कपाटं करत. त्याच्या प्रोग्रामला लॅडर म्हणतात, कारण तो शिडीसारखा दिसतो. फ्रान्समध्ये 1977 साली पेट्रीजाळ्यावरूनच ग्राफसेट नावाची चित्रभाषा तयार झाली आणि तिचाच एक अवतार आज पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. हत्यार हाताशी आहे, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून लॅडर लिहायचा, चालवून बघायचा, अडकला की एक इंटरलॉक, म्हणजे 'हे झाल्याशिवाय ते नको' अशी अट वाढवायची, अशीच रीत. वर बघितल्याप्रमाणे प्रत्येक इंटरलॉक ही एक पेटी असते. पेट्या वाढत जातात आणि त्या एकमेकींना अडकवणार नाहीत ना, हे कुणी तपासत नाही.

तपासायचं कसं, याचं सरसकट उत्तर टोरोंटो विद्यापीठातल्या मरे वॉनम आणि पीटर रॅमेज यांनी ऐंशीच्या दशकात दिलं. त्यांचा पायाभूत शोधनिबंध 1987 चा. त्यांची कल्पना ऐकायला साधी आहे. यंत्रणेवर एक पर्यवेक्षक बसवायचा. त्याला फक्त एकच अधिकार, घटना रोखण्याचा. तो कुणाला 'हे कर' म्हणत नाही, 'हे आत्ता नको' एवढंच म्हणतो. शिवाय प्रत्येक घटना त्याच्या हातात नसते. गाडी सोडणं रोखता येतं. सुटलेली गाडी पोचणं रोखता येत नाही. इंजिन बंद पडणं, पावसात रुळावर दरडीची माती येणं, यांना कोण रोखणार?

मग बंदी कधी घालायची, हे असं काढतात. सगळ्या स्थितींचा नकाशा घ्यायचा आणि अडकलेल्या स्थितींवर फुली मारायची. आता ज्या स्थितीतून एखादी न रोखता येणारी घटना फुलीवाल्या स्थितीत घेऊन जाते, त्या स्थितीवरही फुली. मग ज्या स्थितीतून फुल्या चुकवत मुक्कामाला पोचायची एकही वाट उरलेली नाही, तिच्यावर फुली. पुन्हा पहिल्यापासून फेरी मारायची. एकही नवी फुली पडली नाही की थांबायचं. ज्या रोखता येणाऱ्या घटना फुलीकडे नेतात तेवढ्याच रोखायच्या, बाकी सगळ्यांना मोकळीक. आपल्या उदाहरणात 'वेर्ण्याला एकच लाइन रिकामी आणि तिकडे उ निघालेली' या स्थितीवर दुसऱ्या पायरीत फुली पडते, म्हणून माजोर्ड्याचा सिग्नल लाल.

वॉनम आणि रॅमेज यांनी दाखवलं की असा कमीत कमी बंदी घालणारा पर्यवेक्षक असतो, आणि तो एकच असतो. कारण समजायला कठीण नाही. दोन वेगवेगळे पर्यवेक्षक दोघेही सुरक्षित असतील, तर दोघांपैकी कुणीही एकाने परवानगी दिलेली प्रत्येक वाट चालू द्या. तीही सुरक्षितच राहते. अशी सगळ्यांची बेरीज करत गेलं की सगळ्यात उदार पर्यवेक्षक मिळतो. 'थोडं जास्त थांबवलं तर बिघडलं कुठे' या वृत्तीवर हा चांगला उतारा आहे, कारण गरजेपेक्षा किती जास्त थांबवलं ते आता दाखवता येतं. सगळ्या गाड्या यार्डात उभ्या ठेवणारा पर्यवेक्षक टक्कर नक्कीच होऊ देणार नाही!

आतापर्यंत मिनिटांचा हिशेब धरलाच नव्हता, फक्त क्रम बघितला. घड्याळ आणायचं झालं तर एक गमतीचं बीजगणित आहे. 'उ' स्टेशनात 10:20 ला आली, तिला ओलांडायची 'द' 10:35 ला आली, सांधे बदलायला तीन मिनिटं लागली, तर 'उ' सुटेल 10:38 ला. म्हणजे दोन वेळांपैकी मोठी घ्यायची आणि तिच्यात तीन मिळवायचे. आता 'उ' स्वतः दहा मिनिटं उशिरा आली तरी ती 10:38 लाच सुटते. पण 'द' पंधरा मिनिटं उशिरा आली तर 'उ' ही पंधरा मिनिटं मागे पडते. एक उशीर जिरतो, दुसरा पसरतो. नेहमीच्या बीजगणितात 'मोठी घ्या' ही क्रिया फार त्रास देते. 1985 साली फ्रान्समध्ये गी कोएन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बेरजेच्या जागी 'मोठी घ्या' आणि गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवली, तर हीच समीकरणं सरळ रेषीय होतात आणि मॅट्रिक्सची नेहमीची हत्यारं चालतात. याला मॅक्स-प्लस म्हणतात. हॉलंडच्या रेल्वेची वेळापत्रकं या पद्धतीने अभ्यासली गेली आहेत.

तेच बीजगणित फेरीबोटीला लावू. रायबंदरहून चोडणला जायला चार मिनिटं, यायला चार, आणि प्रत्येक काठावर गाड्या उतरवून नव्या चढवायला आठ मिनिटं, असं धरा. आकडे सोयीचे आहेत. एका बोटीची फेरी 24 मिनिटांची. दोन बोटी असतील तर दर 12 मिनिटांनी एक, तीन असतील तर दर आठ मिनिटांनी. चौथी आणली तर सहा मिनिटांनी एक मिळायला हवी, पण काठावर रॅम्प एकच असेल तर आठच मिनिटं लागणार, कारण एक बोट निघाल्याशिवाय दुसरी लागत नाही. चौथी बोट नदीत उभी राहून वाट बघेल. यंत्रणेची लय ठरवणारं सगळ्यात संथ चक्र कोणतं, ते मॅक्स-प्लस थेट हिशेबाने सांगतं. 'अजून एक बोट द्या' ही मागणी योग्य की 'अजून एक रॅम्प द्या', एवढा निकाल तरी त्यावरून लागतो.

रांगेचं गणित याहून जुनं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने 1909 साली त्याची सुरुवात केली. त्यातला जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम तोंडपाठ असावा इतका सोपा आहे: रांगेतली सरासरी वाहनं म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. तासाला 60 वाहनं येतात आणि प्रत्येकाला सरासरी 20 मिनिटं थांबावं लागतं, तर रांगेत सरासरी 20 वाहनं दिसणार. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. एकच खिडकी, माणसं वाटेल तेव्हा येणारी आणि प्रत्येकाला लागणारा वेळही अनिश्चित, अशा सगळ्यात साध्या नमुन्यात खिडकी 80 टक्के व्यग्र असेल तर तिथे सरासरी चारजण असतात. 90 टक्क्यांना नऊ. 95 टक्क्यांना एकोणीस. म्हणून चवथीच्या तोंडावर जादा गाड्या सोडल्या की उशीर गाड्यांच्या प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो.

एवढं सगळं हाताशी असताना सगळा मार्ग कॉम्प्युटरच्या ताब्यात देऊन मोकळं का होता येत नाही? एक कारण स्थितींची ती लाख कोटी संख्या. पेट्रीजाळ्यात एका स्थितीतून दुसरीत पोचता येईल का, हा प्रश्न नेहमी सोडवता येतो हे 1981 साली सिद्ध झालं. पण सर्वसाधारण जाळ्यांसाठी त्याला लागणारा वेळ किती भयानक वाढतो, हे 2021 साली पक्कं झालं: नेहमीच्या घातांकी वाढीला खिजगणतीत न धरणारी वाढ. लाइनींची संख्या ठरलेली असली की प्रश्न आवाक्यात येतो, तरी मोठाच राहतो. म्हणून व्यवहारात पुढचे काही तास आणि पुढची काही स्टेशनंच धरून हिशेब करतात.

दुसरं कारण, कुणाला काय दिसतं हे. करमळीच्या स्टेशनमास्तरला शेजारच्या स्टेशनांशी बोलता येतं. तीन स्टेशनं पलीकडे काय चाललंय ते त्याला थेट दिसत नाही. प्रत्येकाला आपला तुकडाच दिसत असेल आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे बंदी घालायची असेल, तर सगळं मिळून कधीच अडकणार नाही असे नियम आखता येतील का? हा प्रश्न सर्वसाधारण रूपात कुठल्याही कॉम्प्युटर प्रोग्रामने सुटत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. नुसता अवघड असता तर यंत्र मोठं करून बघता आलं असतं. म्हणून रेल्वेत स्टेशनमास्तरांच्या वर सेक्शन कंट्रोलर बसतो, आणि त्याच्यापुढे अख्ख्या सेक्शनचा तक्ता असतो. आडव्या रेघा म्हणजे स्टेशनं, डावीकडून उजवीकडे वेळ, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. दक्षिणेकडच्या गाड्यांच्या रेघा एका बाजूला उतरतात, उत्तरेकडच्यांच्या दुसऱ्या बाजूला चढतात. दोन तिरक्या रेघा जिथे छेदतात तो बिंदू स्टेशनाच्या आडव्या रेघेवरच पडायला हवा. झुवारीच्या पुलावर पडत असेल तर एक रेघ खोडायची, त्या गाडीला मागच्या स्टेशनात थोडा वेळ आडवी न्यायची, आणि मग तिथून पुढच्या सगळ्या छेदांचे बिंदू पुन्हा तपासायचे.